फ्लॅनेलचं बाळ

ती कात्री अजून माझ्याकडे आहे. दात बोथट झालेत, तिचेही आणि माझेही. कापडाची कड नागमोडी कापणारी, झिगझॅग कात्री म्हणायचो आम्ही तिला. लग्नात माहेरहून आणलेली भांडीकुंडी केव्हाच कुणाकुणाला देऊन झाली. कात्री देववत नाही, आणि ती हातात घेऊन मोकळ्या मनाने काही कापवतही नाही. का ते सांगते. हसायचं असेल तर हसा. मीही हसते, पण सगळं सांगून झाल्यावर. मधे नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. पार्ल्याची मुलगी, मुलुंडला दिलेली. कॉलेजात असताना 'अंधश्रद्धा आणि आपण' या विषयावर वक्तृत्वात मला दुसरं बक्षीस मिळालं होतं. पहिलं का मिळालं नाही, हे मी लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला तासभर समजावून सांगितलं. बिचारा ऐकत बसला. त्याला वाटलं असेल, सगळ्याच बायका असं करत असतील.

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो. मी, नवरा, दहावीतली नणंद आणि सासूबाई. सासूबाई मालवणच्या. मुंबईत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण बोलणं तिकडचंच. मी त्यांना 'आई' म्हणायचे आणि मनातल्या मनात त्यांचं बोलणं शुद्ध करून घ्यायचे. इतकी मी शहाणी.

मला आणि नणंदेला जोडणारी एक गोष्ट होती: ग्रीटिंग कार्डं. विकतची कार्डं आम्हाला परवडायची नाहीत असं नाही, पण विकतच्या कार्डाला आम्ही नाकं मुरडायचो. आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी आम्ही कापून ठेवायचो. पिंपळाची पानं आठवडेच्या आठवडे पाण्यात कुजवून त्यांची जाळी काढायचो. घरभर असा वास सुटायचा की नवरा दारातूनच विचारायचा, "आज काय मेलंय?" खालच्या शिंप्याकडून ब्लाउजची कातरणं, उरलेल्या टिकल्या, साडीच्या फाटक्या काठातली जर, सगळं एका पत्र्याच्या डब्यात. डिंक, सुई, दोरा आणि माझी झिगझॅग कात्रीही त्यातच.

कापडाच्या चिंध्यांवर मात्र सासूबाईंचा हक्क. त्यांचं एक बोचकं होतं, कपाटाखाली. गोधडीसाठी म्हणून बोटभर तुकडासुद्धा त्यात जायचा. मी त्यातलं काही उचललं तर म्हणायच्या, "घे गो, पण इचार. त्या चिंदयेक पण धनी आसता."

मला दिवस गेले आणि माझ्या डोक्यात एक कल्पना आली. बारशाचं आमंत्रण आपण छापायचं नाही. प्रत्येकाला हाताने केलेलं कार्ड पाठवायचं, वर गुलाबी कापडाचं हसरं बाळ. शिंप्याने मला गुलाबी फ्लॅनेलचा एक तुकडा दिला होता, कुणाच्या तरी झबल्यातून उरलेला. मऊ, लोकरीसारखा. नणंदेला दाखवला तर ती कुजबुजली, "वहिनी, आईला कळू देऊ नकोस हां. बाळ यायच्या आधी त्याचं काही करत नाहीत आमच्यात. टोपडंसुद्धा नाही शिवत."

"आपण कुठे टोपडं शिवतोय? कार्ड करतोय," मी म्हटलं. वक्तृत्व होतंच अंगात.

मग ते सूर्यग्रहण आलं. ऐंशी सालचं, फेब्रुवारीतलं. ज्यांना आठवतं त्यांना ती दुपार आठवेल. भर दिवसा रस्ते ओस पडले होते. लोक खिडक्यांना चादरी लावून बसले. दूरदर्शनने दुपारचा सिनेमा लावला होता, लोकांनी घरात बसावं म्हणून. मला सहावा महिना होता.

सकाळपासून सासूबाईंनी घर ताब्यात घेतलं. पाण्याच्या पिंपात, लोणच्याच्या बरणीत तुळशीची पानं पडली. मग त्यांनी धारेच्या वस्तू गोळा केल्या. विळी, सुरी, दाढीचं ब्लेड, सुयांची डबी, केसांतल्या पिनासुद्धा. सगळं एका जुन्या लुगड्यात गुंडाळलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली.

"सगळा इला? तुझी ती वाकडी कात्री खंय आसा?"

"ती नणंदबाईंनी कुणाला तरी दिलीय," मी म्हटलं. ती माझ्या उशीखाली होती, डब्यासकट.

त्यांनी मला आतल्या खोलीत चटईवर झोपवलं. उताणं, पाय सरळ. "हलू नको. पाय मुडपू नको. काय्येक कापू नको, टोचू नको, चिरू नको. पोराच्या अंगार येता ता." खिडकीला निळी चादर ठोकली होती. दार ओढून घेऊन त्या बाहेर जपाला बसल्या. नणंद शेजाऱ्यांकडे टीव्हीसमोर. नवरा कारखान्यात अर्धा दिवस करून आला आणि बाहेरच्या खोलीत आडवा झाला.

पंधरा मिनिटं मी हलले नाही. प्रामाणिकपणे सांगते, पंधरा मिनिटं. मग मला स्वतःचाच राग यायला लागला. दुसऱ्या बक्षिसाची मानकरी, आणि अशी ओंडक्यासारखी पडलेय? पार्ल्याला आमचे बाबा आत्ता गच्चीवर काळी फिल्म डोळ्यांना लावून उभे असतील, नि मी इथे पाय सरळ करून! मी उशीखालून डबा काढला.

चेहरा आधीच गोल कापून ठेवला होता. राहिलं होतं तोंड. तिथे छोटी फट पाडायची, मागून लाल साटीनचा तुकडा चिकटवायचा, म्हणजे बाळ तोंड उघडून हसतंय असं दिसतं. अशी फट पाडायला कापडाची घडी घालतात आणि घडीवर बारीकशी कात्री मारतात. घडी उभी घातली तर फट आडवी पडते. घडी आडवी घातली तर फट उभी. आणि घडीवर जेवढं कापाल त्याच्या दुप्पट काप उलगडल्यावर दिसतो. हे मला माहीत होतं. शेकडो कार्डं केली होती मी.

पण चादरीमुळे खोलीत निळसर अंधार, आणि फ्लॅनेलला उलटसुलट कळत नाही. मी घडी घातली, कात्री मारली आणि उलगडलं.

काप उभा होता. वरच्या ओठापासून थेट नाकापर्यंत.

मी ते बाळ तळहातावर घेऊन किती वेळ बसले, मला सांगता येणार नाही. बाहेरचा उजेड एकदम पिवळट, आजारी झाला. कावळे ओरडत होते आणि मग तेही थांबले. पोटात बाळ फिरलं. नेहमी फिरायचं तसंच फिरलं असेल, पण मला वाटलं, ते दचकलं.

आता शहाण्या माणसाने काय करावं? कापड फेकून द्यावं. मी काय केलं? मी सुई ओवली. चूक झाली ना, मग शिवून टाकू, कुणाला कळायच्या आत. लांब लांब, वाकडे टाके घालत मी तो ओठ शिवला. चार टाके. चौथा टाका घालताना सुई माझ्याच बोटात गेली, आणि त्याच क्षणी बाहेरून सासूबाईंचा आवाज आला.

"हलू नको हां गो! अजून सुटूचा आसा."

म्हणजे कापलं ग्रहणात, आणि टोचलंही ग्रहणातच. काय्येक कापू नको, टोचू नको. दोन्ही झालं.

मी ते बाळ मुठीत धरलं आणि पुन्हा पाय सरळ करून पडले. आता मी इतकी सरळ पडले होते की आधीच्या पंधरा मिनिटांत तशी पडले नव्हते. बऱ्याच वेळाने खाली रस्त्यावर ओरडा सुरू झाला, "दे दान, सुटे गिराण!" आणि घराघरांत नळ सुटले. सगळे आंघोळीला धावले. त्या गडबडीत मी ते फ्लॅनेलचं बाळ सासूबाईंच्या बोचक्यात खोल खुपसलं. चिंधी चिंध्यांत कोण शोधणार? मला माझी हुशारी तेव्हाही पटली होती.

दोन दिवसांनी, त्या देवळात गेल्या असताना, मी ते जाळून टाकायचं ठरवून बोचकं उघडलं. सगळ्या चिंध्या जमिनीवर काढल्या. एकेक झटकून पाहिली.

बाळ नव्हतं.

त्या क्षणापासून पुढचे साडेतीन महिने मी घाबरलेली होते. घाबरलेली म्हणजे काय ते नीट सांगते, कारण आता लोक 'टेन्शन' म्हणतात आणि सोडून देतात. मला सगळीकडे तो काप दिसायचा. कपाचा टवका उडाला की दिसायचा. तळणीत करंजी फुटली की दिसायचा. आरशात स्वतःच्या नाकाखालची ती खाच दिसली तरी मी तोंड फिरवायचे. सांगत कुणाला? नवऱ्याला सांगितलं तर तो हसेल, किंवा त्याहून वाईट, हसणार नाही. पार्ल्याला माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणेल, "तू? तू यावर विश्वास ठेवतेस?" आणि माझी तीच तर अडचण होती. माझा विश्वास नव्हता. भीती मात्र होती. विश्वास नसताना भ्यायला जे लागतं ते माझ्याकडे भरपूर निघालं.

आणि बाळाला काही झालं तर ते माझ्या हातून. सहा टिकल्या आणि लाल साटीनच्या हौसेपायी. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला जागाच नव्हती.

ते बाळ कुणी घेतलं हा दुसरा घोर. मला नणंदेचा संशय. मी आडून विचारलं, "काय गं, बोचक्यातलं गुलाबी कापड कुठे गेलं?"

"मला काय माहीत? आणि तू कार्डं करणं का सोडलंस यार? माझ्या मैत्रिणीचा वाढदिवस आलाय. चल ना, बसू."

"कंटाळा येतो."

"कार्ड करायचा? तुला?" तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मी कात्री हातात घेत नव्हते. दोऱ्याचं टोक दाताने तोडायचे, कागद हाताने फाडायचे. गंमत म्हणजे घरात मला कुणी चिरायला सांगतच नव्हतं. मी विळीपाशी गेले की सासूबाई विळी ओढून घ्यायच्या. "तू बस. भाजी मी चिरतंय." मला वाटलं, लाड चाललेत. मग वाटलं, मी चिरलेली भाजी त्यांना आवडत नाही. एवढ्या भीतीतही मान-अपमानाला माझ्याकडे जागा होती, बघा.

त्याच सुमाराला सासूबाईंनी मासे खाणं सोडलं. मालवणची बाई! ज्यांचा रविवार बाजारातल्या टोपलीपाशी सुरू व्हायचा, त्या आमच्यासाठी बांगडे तळायच्या आणि स्वतः भात नि सोलकढी घेऊन बसायच्या.

"आई, तुझ्या ताटात का नाही?" नवऱ्याने विचारलं.

"दात दुखतत."

मी नणंदेला कोपराने ढोसलं. "दात दुखतात म्हणे. आणि दुपारी शेंगदाणे कडाकडा फोडत होत्या." आम्ही दोघी तोंडावर हात धरून हसलो. ते हसू आज आठवलं की मला माझ्या त्या तोंडात एक द्यावीशी वाटते.

सातव्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा मी धीर केला. डॉक्टरीणबाई कडक. गोळ्या लिहीत होत्या. मी म्हटलं, "डॉक्टर, बाळाला ओठ कधी येतात हो?"

त्यांनी मान वर केली. "काय?"

"नाही म्हणजे... सहज."

"ओठ तिसऱ्या महिन्यातच होतात तयार. केव्हाच झालेत. आता त्याला फक्त वाढायचंय. तुम्ही लोहाच्या गोळ्या घेताय ना?"

तिसऱ्या महिन्यात! ग्रहण सहाव्यात. म्हणजे माझ्या कात्रीचा काही संबंधच नव्हता. मी जिना नाचत उतरले असते, पोट आडवं आलं नसतं तर. पण खालच्या पायरीवर माझे पाय थांबले. ओठ झाले असतील. पण टाळू? पण कान? बोटं? आणि ती सुई, ती कुठे लागली असेल? भीतीला एका खोलीतून बाहेर काढलं तर ती दुसरीत जाऊन बसली. घर तिचंच होतं.

पहिलं बाळंतपण म्हणून पार्ल्याला गेले. निघताना सासूबाईंनी ओटी भरली. नारळ माझ्या पदरात पडायच्या ऐवजी जमिनीवर घरंगळला. मी मनात म्हटलं, झालं, अपशकुन. दुसरं बक्षीस!

मे महिना संपता संपता मी बाळंत झाले. दायी म्हणाली, "मुलगी झाली, बाई." मी डोळे घट्ट मिटले.

"तोंड बघा ना," मी म्हटलं.

"कुणाचं?"

"तिचं. तोंड नीट आहे?"

"रडतेय ऐकू येत नाही? तोंडाशिवाय कुणी एवढं रडतं?"

तिने मुलगी माझ्याजवळ आणली. मी आधी पाय पाहिले. मग हात. मग कान. हळूहळू वर सरकले, जसं काही ते तोंड मला पाहील अशी भीती होती. ओठ होते. दोन्ही. अखंड. वरच्या ओठाच्या मधोमध सगळ्यांना असते ती खाच. तीसुद्धा मी बोटाने चाचपून पाहिली. मग रडले. आई म्हणाली, "मुलगी झाली म्हणून रडतेस? लाज नाही वाटत?" मी मुलीला पदराखाली घेतलं. पण मन निवलं नव्हतं. दूध पिताना नीट ओढतेय ना, नाकातून तर येत नाही ना, प्रत्येक वेळी मी श्वास धरून बघायचे.

चौथ्या दिवशी नवरा सासूबाईंना घेऊन आला. मुलुंडहून एवढं लांब त्या सहसा येत नसत. चप्पल काढली, हात धुतले, आणि कुणाशी न बोलता थेट बाळाजवळ आल्या. झबल्याकडे पाहिलं नाही, रंगाकडे पाहिलं नाही, नाक कुणाचं यावर बोलल्या नाहीत. तिचं तोंड उघडलं आणि करंगळी आत घालून वरपर्यंत फिरवली.

माझी आई धावली. "अहो विहीणबाई, बोट!"

"धुवन इलंय. साबण लावन."

त्यांनी करंगळी बाहेर काढली आणि खाटेच्या कडेवर बसल्या. डोळे मिटले, ओठ हलत होते. मला काही कळेना. आई सरबत करायला आत गेली, नवरा बाहेर बाबांशी बोलत होता. मग सासूबाईंनी कमरेचा बटवा सोडला, त्यातून काहीतरी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

फ्लॅनेलचं बाळ. माझे चार वाकडे टाके तसेच. पण कपाळावर हळदीकुंकवाचा थर, रोज थोडा थोडा चढलेला, इतका जाड की त्याला भेगा पडल्या होत्या. उदबत्तीचा वास येत होता.

"तुम्हाला... केव्हा मिळालं?" मी विचारलं.

"दुसऱ्याच दिसा. बोचक्यात माझो हात जाता, तुझो नाय."

"मग बोलला का नाही?"

"सांगान काय करतलंय? तू आणखी भियालं असतंस." त्या पदराने डोळे पुसत होत्या. "देवीक सांगलंय, पोराचा तोंड नीट बघूपर्यंत मासळी तोंडात घेवचंय नाय."

दात दुखतत. कडाकडा शेंगदाणे. तोंडावर हात धरून हसलेल्या आम्ही दोघी. माझं सगळं वक्तृत्व त्या खाटेवर संपलं. दोन खोल्यांच्या घरात साडेतीन महिने दोन बायका एकाच गोष्टीला भ्यायल्या होत्या, एक देव्हाऱ्यापाशी आणि एक विळीपासून चार हातांवर, आणि दोघी एकमेकींपासून ते लपवत होत्या. त्यांच्या भीतीने निदान त्या बाळाला कुंकू लावलं. माझ्या भीतीने काय केलं? कागद हाताने फाडले.

"आई, माझं चुकलं," मी म्हटलं.

त्यांनी ते फ्लॅनेलचं बाळ उचललं, डोळ्यांजवळ धरलं आणि टाके निरखले. "चुकला ता चुकला. पण टाके किती लांब घातलंस गो! असो ओठ शिवतत? पार्ल्यात कोण शिकवक नाय तुका?"

आई सरबत घेऊन आली. सासूबाईंनी बाळ पुन्हा बटव्यात टाकलं, उभ्या राहिल्या आणि बाहेर मुलाला हाक मारली. "चल रे. इतक्या लांब इलंव ता वर्सोव्याक जावया. ताजो बांगडो गावलो तर बघूया."

"आई, आत्ता? उन्हात?" नवरा म्हणाला. "आणि तुझे दात?"

"चल म्हणतंय ना!"

त्या गेल्या. आई सरबताचा न उचललेला पेला हातात घेऊन दारात बघत राहिली. "काय गं हे? आल्या काय, बोट घातलं काय, मासे आणायला गेल्या काय! आणि दात दुखतात ना त्यांचे? जावई म्हणत होते, कित्येक महिने मासे खाल्ले नाहीत म्हणून."

मी मुलीला उचलून घेतलं. तिने जांभई दिली, तोंड भरून, आणि मी पहिल्यांदा ती जांभई श्वास न धरता पाहिली.

"बरे झाले," मी म्हटलं. "आजच बरे झाले."